मामा घड्याळ उशिरा दाबायचे

अपेक्षा चालायची. चालतो आपण सगळेच, पण ती शर्यतीत चालायची. या खेळात एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि वेग मात्र मागं कुत्रं लागल्यासारखा. त्यात कंबर अशी काही हलते, की औरंगपुऱ्याचा एक रिक्षावाला तिला हमखास विचारी, "ताई, पळायचं तर पळा, चालायचं तर चाला. हे मधलंच काय?"

दिवसभर ती तिथंच एका दुकानात साड्या दाखवायची. सकाळी मैदान, आणि सोबत राजेंद्रमामा, आईचे धाकटे भाऊ. मामांचा स्वतःचा खेळ कॅरमपलीकडं गेला नव्हता, पण शिट्टी, टोपी आणि स्टॉपवॉच विकत आणून ते प्रशिक्षक झाले होते.

"मामा, आज पाय जड होते."

"पायाला काय कळतंय? घड्याळ बघ! कालच्यापेक्षा कमी वेळ. लई भारी, बाई!"

हळूहळू तिनं पायांचं ऐकणं सोडलं.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिला मामांच्या आकड्यापेक्षा इतका जास्त वेळ लागला, की तिनं पंचांनाच विचारलं, "सर, तुमचं घड्याळ बिघडलंय का?"

"घड्याळ ठीक आहे बाई. तूच मागं पडलीस."

निवड हुकली. रोज एवढी चालणारी मी ऐन वेळी कच खाते, आपलं मनच दुबळं, असं तिनं ठरवून टाकलं. भात सोडला. हसणं सोडलं. गिऱ्हाइकानं हिरवी साडी मागितली की लाल काढायची. मामा रोज समजावायचे, "मन घट्ट कर गं."

दुकानातल्या संघपालनं एका सकाळी हौसेनं तिचा व्हिडिओ काढला आणि दुपारी डबा खाताना दाखवला. शिट्टी वाजली, अपेक्षा सुटली. मामांनी टोपी नीट केली, इकडंतिकडं पाहिलं, ती मैदानाच्या कोपऱ्यावर पोचली, तेव्हा कुठं त्यांनी घड्याळ दाबलं. संघपाल खो खो हसला. मग तिच्याकडं बघितलं आणि व्हिडिओ तिच्या मोबाइलवर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलच मामांपुढं धरला.

"अगं, तुझा हुरूप टिकावा म्हणून," मामा पुटपुटले. "एकदा उशिरा दाबलं. नंतर खरं सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं आपण घसरलो. मग रोज थोडं थोडं जास्त..."

"मी भात सोडला, तेव्हा तरी सांगायचं, मामा! मी स्वतःला शिव्या घालत होते आणि तुम्ही म्हणत होता, मन घट्ट कर."

मामांनी टोपी काढली.

तरी मामा रोज येत राहिले, ती चालत राहिली. पुढची चाचणी जवळ आली तेव्हा एका सकाळी ती अशी चालली, की मामा रेषेवर अक्षरशः नाचले. "जमलं! आत्ता जमलं! आईशप्पथ, शिट्टीबरोबर दाबलंय!"

पूर्वी एवढ्या शब्दांवर तिचा दिवस निघाला असता. तिनं मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती सरळ मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांपाशी गेली.

"काका, मी परत चालते. तुमच्या मोबाइलवर वेळ लावता का?"

"ते टोपीवाले आहेत ना घड्याळ घेऊन?"

"आहेत."

"अपे, आता दमलीस तू," मामा मागून कळवळून म्हणाले. "आता तेवढा वेळ यायचा नाय गं!"

ती दमलेल्या पायांनीच रेषेवर उभी राहिली.