त्याचा भोवरा

माझा धाकटा भाऊ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा सदर भागातल्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आम्ही इंदोऱ्यात राहायचो, सायकलनं सदर काही लांब नाही. कॉलेज सुटलं की तो आणि त्याचा मित्र आधी पार्लरमध्ये जायचे, मग घरी.

तिथल्या एका मशीनवर दोन माणसं लढायची. त्या खेळात एक डाव लपवलेला होता. तो मशीनवर कुठं लिहिलेला नव्हता आणि कुणी शिकवतही नव्हतं. भावाला तो खेळता खेळता सापडला. दांडी खाली ओढायची, तशीच तिरकी करत पुढे न्यायची आणि ती पुढे टेकते त्याच क्षणाला बटण दाबायचं. जमलं तर आपला माणूस हवेत उसळायचा, स्वतःभोवती गरगर फिरायचा, त्याच्या पायातून निळा जाळ निघायचा आणि समोरचा एका लाथेत आडवा व्हायचा. भाऊ त्याला भोवरा म्हणायचा. अख्ख्या पार्लरमध्ये तो एकट्या त्यालाच जमायचा.

जेवतानासुद्धा त्याचा अंगठा ताटाच्या काठावरून फिरत असायचा.

"आता काय करून राहिला?" आई विचारायची.

"भोवरा."

"वरण थंड होऊन राहिलं. जेव आधी."

"तू एक डाव येऊन पाह्य तर खरी, आई."

"मले कामं नाहीत का? पोरायच्या खेळात मी कायले येऊ?" असं म्हणत ती त्याच्या ताटात आणखी भात वाढायची.

मे महिन्यात त्याची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. भर दुपारी सायकलनं घरी आला, डोकं दुखतं म्हणाला आणि चटईवर आडवा झाला. आईनं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला. दिवस मावळेपर्यंत अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि तो आम्हांला ओळखेनासा झाला. बाबांनी रिक्षा आणली. दवाखान्यात पहाटे तो गेला. ऊन लागलं होतं. एकोणीस वर्षांचा होता.

जलदानाचा विधी झाल्यावर एका संध्याकाळी त्याचा मित्र आला आणि दाराजवळच बसून राहिला. आईनंच विचारलं,

"तो खेळ आहे का अजून तिथं?"

"हाव, मावशी."

"मले दाखवशील?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मले नाही जमत तो डाव, मावशी. त्याचाच होता तो."

"जसा जमन तसा दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याच्यासोबत गेलो. आत अंधार होता आणि मशीनांचा नुसता कलकलाट. बायका आत आलेल्या पाहून पोरं बाजूला सरकली. मित्र खेळायला लागला. त्याचा माणूस मार खाऊन पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. तो तळहात पँटला पुसायचा आणि पुन्हा दांडी धरायचा. आई मशीनच्या कडेला हात टेकून उभी होती.

मग अचानक तो माणूस उसळला, फिरला, निळा जाळ निघाला आणि समोरचा कोसळला. भाऊ वर्षभर जे सांगत होता, ते मी पाहिलं. त्यानं सांगितलं होतं त्याहूनही ते सुंदर होतं. मी आईकडे वळले. तिची नजर मित्राच्या हातावर होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, मावशी. तुमी नाही पाहिलं?"

"मी तुह्या हाताकडेच पाहून राहिली होती."

तो पुन्हा खेळायला लागला. दांडी फिरवत राहिला, बटण आपटत राहिला, पण आता काही केल्या जमेना. त्याचे डोळे भरून आले, पडदाही त्याला दिसत नसावा. आईनं दांडीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे, बाबू. हात दुखून येईन. घरी जाय, तुही माय वाट पाहत असन."

परतताना रिक्षात ती म्हणाली, "कसं होतं वं ते?"

मी सांगितलं. कसा उडतो, कसा फिरतो, जाळ कसा स्टोव्हच्या जाळासारखा निळा असतो. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"आन् तो समोरचा? पडला त्याचं काय होते?"

"काही नाही. पुढच्या डावात उठतो."

आईनं मान हलवली आणि रस्त्याकडे पाहत राहिली.