चमचाभर येसर आमटी

त्या उन्हाळ्यात पडेगावच्या नव्या कॉलन्यांत लग्नंसुद्धा टँकरच्या पाण्यावर लागत होती. वजन उतरवायला ऑपरेशननं पोट लहान करून घेतल्यापासून माझी छाती सतत जळायची. पुन्हा ऑपरेशन करावं का, हे विचारायला मी डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारी त्याच दुखण्याचा एक आचारी होता. सदरा दोन माणसांच्या मापाचा, आत माणूस एकच. बोलताना त्याचं उजवं मनगट गोल फिरायचं, जणू समोर कढई आहे.

त्यानं पिशवीतून डबा काढला. आत लग्नात असते तशी लालभडक येसर आमटी.

"जरा चाखून सांगता का सर, मीठ बराबर हाय का?"

"तुम्ही नाही चाखलीत?"

"चाखली की आंबट पाणी गळ्यापर्यंत येतं. दोन सालापासून नुसत्या वासावर अंदाज करतो. हा नमुना हाय, उद्या लग्नात पाचशे पानं हायत."

"मग पुन्हा ऑपरेशन करणार?"

"लई भ्या वाटतं. पण आता बारीक नाय व्हायचं मला. आमटी चाखायचीय."

तिखट मलाही वर्ज्य होतं. तरी मी चमचाभर घेतली. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"मीठ बरोबर आहे."

त्याचं मनगट पहिल्यांदाच थांबलं.

माझा नंबर आला तेव्हा छाती पेटली होती. घरून प्रश्न लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. मी डॉक्टरांना आधी विचारलं, "पुन्हा ऑपरेशन केल्यावर बाहेर बसलेल्या आचाऱ्याला आमटी चाखता येईल ना?"