डाव्या मडगार्डचा उतार

“वाकडा होता, म्हणून सरळ केला. यात माझं काय चुकलं, ते सांग.”

“तो वाकडाच होता रे.”

“तेच म्हणतोय मी.”

“तसा नाही. जन्मापासून वाकडा होता.”

“मग काय, जन्मभर तसाच ठेवायचा? तुझे दात पुढे होते, ते नाही का तुझ्या बापानं तार लावून मागे घेतले?”

“माझे दात बघायला संग्रहालयातून कुणी येत नाहीये.”

माझे काका जीपसमोर लोखंडी स्टुलावर बसले होते. मोतीबिंदू काढल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा होता, पण जे दिसायचं ते त्यातूनही दिसलं होतं. ऑपरेशननंतर ते मुलीकडे विश्रांतीला गेले, तेव्हा शेडची किल्ली पत्र्याकडे होती. पत्र्या म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून हे नाव. ‘माझा हात कुठं लागला ते कळलं, तर हातोडा विकून भाजी विकायला बसेन,’ असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. काका परत येतील तेव्हा त्यांना खूश करावं, एवढ्याच हौसेपायी त्यानं जीपचा डावा मडगार्ड उतरवला, लाकडी हातोड्यानं हळूहळू वर आणला आणि उजव्याशी जुळवून पुन्हा बसवला.

“केसाचा फरक सापडला तर हात कलम कर माझा,” पत्र्या म्हणाला.

“फरक सापडत नाही, हेच तर रडणं आहे.”

काका ड्रायव्हिंग शिकवायचे, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. तरुणपणी त्यांना लष्करात गाड्या चालवायच्या होत्या, पण लष्कराला त्यांचा चष्मा चालला नाही. शिकाऊ मंडळींना चालला. पुढची सगळी वर्षं ते बाजूच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या क्लचवर लक्ष ठेवत राहिले, मन मात्र लष्करी जीपमध्ये. तेही सगळ्याच जीपमध्ये नाही. एक नमुना पक्का करून पुढे हजारोंनी काढलेल्या जीप त्यांच्या लेखी कपबशा होत्या. त्यांना हव्या होत्या त्याच्या आधीच्या. चाचणीसाठी हातानं बनवलेल्या, मोजक्याच. चिखलात घातलेल्या, दगडांवरून आपटलेल्या आणि शेवटी नापास होऊन भंगारात गेलेल्या.

“नापास झालेल्यांवर यांचा जीव का, ते मला बरोब्बर कळतं,” काकू म्हणायची.

अशी एक त्यांना कुक्कुटपालनाच्या आवारात सापडली. बॉनेटवर कोंबड्या आणि इंजिनात अंड्यांची टरफलं. ती घरामागच्या शेडमध्ये आली, तेव्हा काकूचं शिवणयंत्र शेडमधून व्हरांड्यात गेलं आणि भांडी घासायच्या टबात कार्ब्युरेटर भिजत पडू लागला. काका तिच्याशी फार अदबीनं वागायचे. रंग खरवडायचा तर नाण्याएवढाच, आणि खालचा रंग पाहून मगच पुढे. गंजसुद्धा ते तिला विचारून काढतात, असं पत्र्या सगळ्यांना सांगायचा.

तिची ओळख पटत होती ती त्या डाव्या मडगार्डमुळे. चाचणीच्या गाड्यांना साचा नव्हता. कुणा कारागिरानं डोळ्यांच्या अंदाजानं पत्रा वाकवला, आणि डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली उतरली. चाचणीच्या वेळच्या एका जुन्या फोटोत तोच उतार स्पष्ट दिसायचा. हीच ती गाडी, हे त्यावरून कळायचं.

“मला कधी सांगितलंस हे?” पत्र्यानं विचारलं.

“दर रविवारी सांगत होतो. हा उतार बघ, हा उतार बघ म्हणून.”

“मला वाटलं, तक्रार करतोयस.”

संग्रहालयाच्या बाई दुपारी यायच्या होत्या. जीप खरी निघाली तर त्या घेऊन जाणार होत्या आणि तिला कायमचं छप्पर मिळणार होतं. नाहीतर काय होणार, ते मुलीनं आधीच सांगून टाकलं होतं, “बाबा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी जीप कुठे ठेवू?” काकांच्या मागे शेड रिकामी होणार, आणि जीप भंगारात, जिथून कशीबशी वाचली होती तिथेच.

“अजून वेळ आहे,” पत्र्या खालच्या आवाजात म्हणाला. “तो फोटो दे. होता तसा खाली बसवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळेल.”

“तू काळा चष्मा लावून बस.”

“तो तुझा उतार होईल, पत्र्या. त्या कारागिराचा नाही.”

बाई आल्या. पुठ्ठा अंथरून थेट जीपखाली शिरल्या. टॉर्च, लोहचुंबक, मधूनच एखादा हुंकार. चासी बघून झाली, इंजिन बघून झालं, आणि बाहेर येऊन त्यांनी डाव्या मडगार्डवर तळवा फिरवला. फोटो समोर धरला.

“हा कुणी सरळ केला?”

“मी,” काका म्हणाले. “मागच्या महिन्यात.”

“हा?” पत्र्या उसळलाच. “याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. विचारा वहिनींना.”

“कॅलेंडर अजून खिडकीच्या कडीला टांगलंय,” काकू दारातून म्हणाली.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “गाडी खरी आहे. बाकीच्या खुणा जुळतात, आम्ही घेऊ. फक्त हा मडगार्ड मूळचा म्हणून दाखवता येणार नाही. ज्यानं काम केलं, त्यानं स्वतःच्या हातानं त्यावर खूण ठोकायची. बाहेरून, बघणाऱ्याला दिसेल अशी. आमच्याकडे हीच पद्धत आहे. त्याशिवाय गाडी आत घेत नाहीत.” आणि त्या फोन करायला अंगणात गेल्या.

शेडमध्ये दोघंच उरले. काकांनी खणातून लोखंडावर टिंब उठवायचा पंच शोधून काढला आणि बॉनेटवर ठेवला.

“तीन टिंबं. बस.”

“बाहेरून?”

“बाहेरून.”

“आजवर इतकं साफ काम हातून झालं नव्हतं, मास्तर. आणि त्यावर मीच डाग पाडू?”

“डाग कसला, सही समज.”

“सही कागदावर करतात.”

“मी सकाळी चिडलो तुझ्यावर. नको होतं चिडायला. तू प्रेमानं केलंस, मला कळत नाही का? पण माझ्यामागे ही कुठे जाईल, सांग.”

पत्र्यानं मडगार्डवरून हात फिरवला, वरून खाली, परत खालून वर. कुठेही न अडखळता हात फिरला.

“भावोजी, चहा टाकू ना?” काकूनं व्हरांड्यातून पत्र्याला विचारलं.

काकांनी काळा चष्मा काढला. दारातल्या उजेडानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मारशील ना रे?”

पत्र्यानं पंच उचलला, पँटला पुसला, शर्टाच्या खिशात टाकला आणि फोनवर बोलणाऱ्या बाईंच्या बाजूनं फाटकाबाहेर निघून गेला.