घरमालकांचे गुलाब आणि माझी बोटं

गुलाबांना 'अहो' आणि भाडेकरूंना 'अरे' म्हणणारा घरमालक अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि मी नेमका त्याच्याच घरात राहत होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. घराणं शिवकाळापासून इकडचं. मराठी घरापुरती, रागवायला कन्नड. रोज सकाळी ते गुलाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, लढायांच्या बातम्या वगळून. कळ्या दचकतात म्हणे. झाडांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा माझ्या बायकोनं केसांत माळायला एक फूल तोडलं, तर अण्णा संध्याकाळी आमच्याकडे दुखवट्याला आल्यासारखे पाच मिनिटं गप्प बसून गेले.

सत्तावन्न साली त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. काठी टेकत ते चालू लागले, पण उजवा हात कोटाच्या खिशातच. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. चिंता एकच: लालबागेतल्या पुढच्या प्रदर्शनाला नवा गुलाब न्यायचा होता, आणि त्यासाठी रानगुलाबाच्या सालीत चीर देऊन चांगल्या गुलाबाचा डोळा भरायला, वर केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या सुकल्या पट्टीनं, बांधायला दोन हात लागतात. नाइलाजानं मला बोलावणं आलं. पहिल्या दिवशी मी डोळा उलटा बसवला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगठ्याची साल काढली. तिसऱ्या दिवशी माझी गाठ सुटताना बघून अण्णा इतके कळवळले, की खिशातला हात कधी बाहेर येऊन सोपाच्या टोकावर बसला, ते त्यांनाही कळलं नाही. मग रोज मी चुकायचो आणि रोज तो हात थोडा जास्त काम करायचा.

इथं मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली: मी शिकलो. त्यांना त्रास नको म्हणून मागच्या दारी चोरून सराव केला आणि एका सकाळी डोळा चोख भरला. अण्णांनी वाकून गाठ तपासली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "मग आता माझं काय काम?"

हात खिशात गेला. चार दिवस गुलाबांना बातम्या मिळाल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली बसून रानगुलाबाचा एक देखणा खुंट वेडावाकडा कापायला घेतला. आत काठी आपटली.

"स्वल्प थांब रे. गाढवा, मुद्दाम करतोस होय?"

"नाही अण्णा, मला येतच नाही."

बाहेर येऊन त्यांनी चाकू घेतला. उजव्या हातात.

प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या गुलाबाचा वंश माझ्या दारात आहे. डोळा भरताना पहिली गाठ मी अजून सैलच बांधतो, आणि स्वल्प थांबतो.