दाभोळची शपथ

मुंबईच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा ऊन उतरत आले होते. मोसमातल्या अखेरच्या फेऱ्यांपैकी ही एक. यानंतर दोन-तीन फेऱ्या होतात आणि मग पावसाळाभर कोकणचा समुद्र बंद असतो. डेकवर गावी निघालेल्या माणसांची दाटी होती. माझ्याजवळ एक वळकटी आणि दोन वह्या होत्या. काम ठरलेले होते. रत्नागिरी जिल्ह्यात पंधरा वर्षे ज्यांच्या नावावर पक्ष चालला, ते नानासाहेब वकील पक्षातून बाहेर पडले होते. हिवाळ्यात येणाऱ्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी त्यांनी स्वतःचा नवा पक्ष काढला होता. मागे राहिलेल्या जुन्या पक्षाचे काय होते आहे, ते पाहून आमच्या साप्ताहिकाला लिहायचे होते.

नानासाहेबांविषयी बोलायला माणसे शोधावी लागली नाहीत. शेजारच्या चटईवर संगमेश्वरकडचे दोघे बसले होते.

"नानासाहेब नसते तर आमच्या गावात शाळा नसती," एक म्हणाला.

"शाळा आहे. पण त्यांच्या बाजूची आणि विरुद्ध बाजूची पोरं दोन दारांनी आत जातात," दुसरा म्हणाला.

"आधी एक तरी दार होतं काय?"

आजूबाजूचे हसले. दुसऱ्याने पाठ फिरवली आणि रत्नागिरी येईपर्यंत तो त्याच्याशी बोलला नाही. दोघे सख्खे साडू होते, हे मला उतरताना कळले.

सकाळी रत्नागिरीचे बंदर दिसले. आगबोट धक्क्याला लागत नाही. दूर नांगर टाकते आणि उतारूंना पडावात (माणसे व माल वाहणाऱ्या मोठ्या होडीत) उतरावे लागते. लाट वर आली की पाय टाकायचा, असा नियम आहे. मी लाट खाली जाताना टाकला. खलाशाने मला धरले. डाव्या पायातला बूट समुद्राने घेतला.

"दुसरा पण टाका, सायेब," खलाशी म्हणाला. "एक ठेवून काय करणार?"

बाजारात वहाणा घेऊन मी खाणावळ गाठली. गरम घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार धिरडे) आणि नारळाचा रस पोटात गेल्यावर नानासाहेबांच्या घरी गेलो. जांभ्या दगडाचे घर, पुढे पडवी, पडवीत भेटीला आलेली पंधरा-वीस माणसे. नानासाहेब उंच, बोलणे स्वच्छ, आवाज चढत नाही. त्यांनी केलेली कामे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत: विहिरी, शाळा, दोन ठिकाणचे धक्के. मात्र त्यांच्या बोलण्यात माणसांचे दोनच प्रकार येतात, आपले आणि ते.

"पक्ष म्हणजे नावाची पाटी," ते म्हणाले. "माणसं पाटी पाहून आली नाहीत. माझ्याकडे पाहून आली."

"तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतरचं माझ्यानंतरच्यांनी पाहावं."

मी पुढे दाभोळला जाणार हे ऐकून त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. पक्ष सोडण्याआधी दोन महिने त्यांनी प्रत्येक शाखेकडे एक शपथ पाठवली होती. पक्षाशी नव्हे, नानासाहेबांशी एकनिष्ठ राहण्याची. बहुतेक शाखांनी कागद फायलीत ठेवला. दाभोळच्या खारव्यांपैकी (मासेमारी करणाऱ्या दर्यावर्दी लोकांपैकी) निम्म्या घरांनी ती गावदेवीसमोर नारळ ठेवून घेतली.

"तिथल्या मास्तरांचं पत्र आलंय," नानासाहेब म्हणाले. "म्हणतात, येऊन लोकांना शपथेतून मोकळं करा. निवडणुकीपूर्वी मी एकालाही मोकळं करणार नाही. तुम्ही जाताच आहात, तर तसं सांगा."

कागद त्यांनी मला ठेवायला दिला. मी तो वाचला. जड, संस्कृत शब्दांची सात वाक्ये होती. 'प्रतिपक्षाशी सर्व प्रकारचा व्यवहार वर्ज्य करीन' हे त्यातले शेवटचे.

उत्तरेकडे जाणारी आगबोट तिसऱ्या दिवशी होती. मधल्या दिवशी शहराबाहेरच्या कातळावर (जांभ्याच्या उघड्या, काळ्या पडलेल्या पठारावर) फिरून आलो. गवताची काडी नव्हती. दगड वहाणेतून भाजत होता आणि खाली दरीत मात्र आंब्याच्या बागा हिरव्यागार होत्या. तिथल्या एका बागेच्या रखवालदाराने उशिराचे चार रायवळ आंबे हातावर ठेवले. नाव विचारले नाही, पक्ष विचारला. मी कुठलाच नाही म्हणालो, तेव्हा त्याने आणखी दोन दिले.

दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्याचे दोन रंग दिसतात. आगबोटीवरूनच एक गोष्ट डोळ्यांत भरली: अकरा मचवे (मासेमारीच्या मोठ्या शिडाच्या होड्या) अजून पाण्यात होते. या दिवसांत ते किनाऱ्यावर ओढून, झाप्यांनी (नारळीच्या झावळ्या विणून केलेल्या चटयांनी) शाकारून ठेवलेले असायला हवेत. वारा दक्षिणेकडून फिरला होता, म्हणजे पाऊस जवळ आला होता. आमचा पडाव खाडीत शिरताना लाटेने दोनदा आडवा फिरला.

शाखेचे चिटणीस रघुनाथ मास्तर मला घ्यायला किनाऱ्यावर आले होते. वय पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, हातात छत्री. पहिला प्रश्न त्यांनी नानासाहेबांच्या उत्तराचाच विचारला. मी निरोप सांगितला. त्यांनी छत्री उघडली, पुन्हा मिटली.

मचवे पाण्यात का, ते तिथेच कळले. एक मचवा वर ओढायला तीस-चाळीस खांदे लागतात. वाडीची रीत अशी की ओढायला कुणाला बोलवायचे नाही. हाळी ऐकू आली की सगळ्यांनी यायचे. मालक गूळ-खोबरे वाटतो, तेवढाच मान. यंदा शपथ घेतलेले एका बाजूला आणि न घेतलेले दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे खांदे मिळून एका मचव्याला पुरत होते. वेगवेगळे पुरत नव्हते.

शपथवाल्यांचा म्होरक्या धाकू तांडेल (तांडेल म्हणजे मचव्याचा प्रमुख) जाळे दुरुस्त करत बसला होता. मी शपथेचे शब्द विचारले. त्याने हात धुतले आणि देवीच्या दिशेला तोंड करून म्हणून दाखवले: "नानासायेब म्हणतील तो आमचा पक्ष. त्यांच्या विरुद्ध जो जाईल त्याच्या होडीला हात लावणार नाय, आणि त्याचा हात आपल्या होडीला लागू देणार नाय."

"हे नानासाहेबांचे शब्द?"

"मास्तरांनी वाचून दाखवले. नारळ अजून देवीसमोर हाय. ज्याच्या तोंडचे बोल, त्यानंच येवन परत घ्यायचे. तवर आमचा हात लागायचा नाय."

पलीकडून भिकू तांडेल ऐकत होता. त्याने शपथ घ्यायला नकार दिला होता. "लावू नको रे, धाकू," तो म्हणाला. "वकीलसायबाला बोलाव. कोट काढून येवन खांदा लावंल."

"तुजा मचवा पयला फुटून जाईल," धाकू शांतपणे म्हणाला.

"तुजा मोठा हाय. तुजाच पयला."

दोघांच्या आवाजात राग कमी होता. दोघेही बोलताना पाण्याकडे पाहत होते.

माझ्या खिशात छापील कागद होता आणि त्यात होडी हा शब्द कुठेच नव्हता. संध्याकाळी मास्तरांच्या ओटीवर, कुळथाच्या पिठीचे आणि भाताचे जेवण झाल्यावर, मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"छापलेलं वाचलं तेव्हा लोक जांभया देत होते," ते म्हणाले. "वर्ज्य म्हणजे काय, व्यवहार म्हणजे काय, कुणाला कळेना. नानासाहेबांचं काम वाया जाईल असं वाटलं. म्हणून लोकांना कळेल अशा भाषेत मी सांगितलं. होडीचे शब्द माझे. सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. मला फार बरं वाटलं तेव्हा."

"मग शब्द परत घ्यायला नानासाहेब कशाला हवेत?"

"लोक समजतात, मी नानासाहेबांचा कागद वाचला. या दोन वाड्यांत पत्रं मी वाचतो, अर्ज मी लिहितो, खरेदीखतं मी वाचून दाखवतो. कागदात नसलेलं मास्तर वाचतात असं एकदा कळलं, की संपलं."

दारात त्यांची बायको उभी होती. "सांगून टाका," ती म्हणाली. "तुम्ही खोटे ठरलात तर मला चालेल. मचवे गेलेले चालणार नाहीत."

मी मास्तरांना सांगितले की कागद मी त्यांच्याकडेच ठेवतो आहे. काय करायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. बातमी म्हणून ही गोष्ट माझ्या हातात होती. पण नुसती छापून मचवे वाचले नसते, शब्द मास्तरांनीच परत घ्यायला हवे होते, एवढे मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः घरोघर जाऊन दोन्ही बाजूंना देवळात बोलावले. माणसे आली, पण मधे वाट ठेवून उभी राहिली. गुरवाने समई सारखी केली. देवीसमोर तो नारळ होता. शेंडी वाळून करडी झाली होती. मास्तरांनी टोपी काढली. छापील कागद आधी जसाच्या तसा वाचला, सातही वाक्ये.

"यात होडी नाही," ते म्हणाले. "होडी मी घातली. नानासाहेबांनी नाही. तुम्हाला कळावं म्हणून घातली, आणि तुम्ही नानासाहेबांचं समजलात ते मी समजू दिलं."

"म्हंजे दोन म्हैनं आमी कोणाच्या बोलावर भांडलो?" धाकूने विचारले.

"माझ्या."

"आनि आमच्या खरेदीखतात काय काय घातलंत, मास्तर?" मागून एकाने विचारले. काही जण हसले, काही हसले नाहीत. मास्तरांनी मान खाली घातली नाही. "सगळी आणा," ते म्हणाले. "दुसऱ्याकडून वाचून घ्या. मी समोर बसतो."

धाकू गुरवाकडे वळला. "बोल मास्तरांचे असले तर ते परत घेऊ शकतात काय?"

"ज्याच्या तोंडचे, त्यानंच," गुरव म्हणाला. "वकील आला असता तरी उपेग नव्हता मग."

गुरवाने गाऱ्हाणे घातले (देवीला सगळ्यांच्या वतीने हाक घातली). बोललेले शब्द मास्तर परत घेत आहेत, दोष त्यांच्या पदरात पडो, वाडी मोकळी होवो, अशा अर्थाचे. प्रत्येक वाक्याला लोकांनी हुंकार दिला. नारळ मास्तरांनी एका घावात फोडला. पहिला तुकडा धाकूने घेतला, दुसरा त्यानेच भिकूला दिला.

"मत मी नानासायबालाच देणार," तो म्हणाला.

"दे की," भिकू म्हणाला. "होडी कवा ओढायची, ते बोल."

भरतीबरोबर काम सुरू झाले. ओंडके टाकले गेले, हाळी झाली, आणि मधली वाट आपोआप बुजली. धाकूचा मचवा सर्वांत मोठा म्हणून सर्वांत आधी. वही बाजूला ठेवून मीही खांदा लावला. त्याचा कुणाला उपयोग झाला असे वाटत नाही. पहिल्या दिवशी सहा वर आले, दुसऱ्या दिवशी पाच. शेवटचा वाळूवर बसला तेव्हा बायकांनी झापे आणून ठेवलेलेच होते. एका म्हातारीने धाकूला विचारले की आता कोणत्या पक्षाचे झापे आधी घालायचे. तो वाळूवर आडवा पडून हसत होता.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावरच शाखेची सभा झाली. धाकू आणि त्याच्याबरोबरचे नऊ जण नानासाहेबांच्या पक्षात जातो असे सांगून उठले आणि ऐकायला तिथेच थोडे दूर बसले. बाकीचे जुन्या पक्षात राहिले. शपथ घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांत होते. मास्तरांनी राजीनामा पुढे केला.

"चिटणीस तुमीच ऱ्हावा," भिकू म्हणाला. "पण यापुढं कागदात हाय तेवढंच वाचायचं. आणि न कळंल ते न कळंल म्हणून सांगायचं." ठराव म्हणून ते तसेच लिहिले गेले. दुसरा ठराव असा, की शाखेचा अध्यक्ष दर वर्षी बदलेल.

परतीच्या आगबोटीपर्यंत मला सोडायला मास्तर पडावातून आले. सकाळी तीन जण खरेदीखते घेऊन आले होते, असे त्यांनी सांगितले. दोघांनी दुसऱ्याकडून वाचून घेतली. तिसऱ्याने त्यांच्याचकडून. हे सांगताना ते प्रथमच हसले.

मुंबईला येईपर्यंत मी लेखाचा आराखडा केला. माणसे दुभंगवणारा पुढारी पक्षातून जातो तेव्हा किती जण त्याच्यामागे गेले, हे आपण विचारतो. दाभोळहून दहा गेले, आणि पक्षाचे त्याने फारसे बिघडले नाही. बिघडवत होते ते मागे राहिलेले बोलणे: आपले आणि ते. नानासाहेबांनी ते सात वाक्यांत छापले. त्यांच्यावर जीव असलेल्या एका भल्या माणसाने ते वाडीच्या रोजच्या जगण्यात नेऊन ठेवले, आणि मग नानासाहेब असोत वा नसोत, ते चालत राहिले. पुढाऱ्याची जागा दुसरा घेऊ शकतो. त्याच्या नावावर आपण जे बोललो, ते आपल्यालाच परत घ्यावे लागते. दाभोळला तसा एक माणूस निघाला. जिल्ह्यातल्या बाकीच्या शाखांत निघतील की नाही, हे मला सांगता येत नाही.

आगबोट हर्णैच्या पुढे गेली तेव्हा समुद्र खवळला होता आणि बरेच उतारू आजारी पडले. मी वळकटीवर पडलो. दाभोळच्या पाण्यात आता एकही मचवा नव्हता. मला लगेच झोप लागली.