सासऱ्यांचा डीप फ्रीझर

अहमदपूर हे नांदेड आणि लातूर यांच्या साधारण मध्यावर आहे. तिथे माझ्या सासऱ्यांचं खव्याचं दुकान आहे. मी नांदेडला फ्रीजदुरुस्ती करतो, माझा साडू लातूरला तेच काम करतो. दुकानातला डीप फ्रीझर बिघडला की फोन लातूरला जायचा. पाच वर्षांत तो एकदाही नांदेडला आला नव्हता.

कारण मला ठाऊक होतं. मी ज्या दैनिकात उपसंपादक होतो ते बंद पडल्यावर हे काम मी साडूकडेच शिकलो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, दहावीनंतर शाळा सोडलेला. कंप्रेसरवर तळहात ठेवून तो सांगायचा, गॅस कमी आहे. मी गेज लावून तेच वीस मिनिटांनी सांगायचो. सासुरवाडीला पंगत बसली की मामा, म्हणजे सासरे, त्याला शेजारी बसवून घ्यायचे आणि दुकानाच्या गोष्टी विचारायचे. मला विचारायचे, "मग, पेपरवाले काय म्हणतेत?"

मे महिन्यात एका दुपारी मामांचा फोन आला.

"जावईबापू, फ्रीझर नुसता घूं करून राहिला न् टक करून बंद पडून राहिला. उद्याच्या लग्नाचा तीस किलो खवा हाय आत. लातूरकर उदगीरला कामात गुंतलेत, म्हणून तुम्हाला लावला."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. निघताना मी गाडीत नवा कंप्रेसर टाकला. बिघाड अजून पाहिलेला नव्हता, पण साध्या दुरुस्तीसाठी एवढ्या लांब जायचं नव्हतं. मला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं.

अहमदपूरला त्या दिवशी नळ आला होता. दहा दिवसांनी येणारं पाणी. गल्लीत प्रत्येक घराने नळाला मोटार जोडली होती. सासूबाईंची मोटार मागच्या दारी चालू होती आणि तिची वायर फ्रीझरच्याच बोर्डातून गेली होती. हे सगळं मी पाहिलं आणि पुढे गेलो.

फ्रीझर बंद ठेवून मी मीटर लावला. व्होल्टेज थोडं कमी होतं, फार नव्हतं. वाइंडिंग ठीक. रिले बदलला, कपॅसिटर बदलला. तरी कंप्रेसर दहा-बारा सेकंद घुमायचा आणि ओव्हरलोडचा सुरक्षा-स्विच त्याला बंद करायचा. इतक्यात साडूचा फोन आला.

"पाव्हणं, आज नळ आलाय का तिथं?"

"आलाय. का?"

"मामींची मोटार चालू असताना, कंप्रेसर उचलायच्या टायमाला मीटर बघितला का? झोपलेल्याचं व्होल्टेज बघून उपेग न्हाई."

हे वाक्य त्याने मला शिकवताना किमान वीस वेळा म्हटलं असेल. मामा समोर उभे होते.

"बघितलं," मी म्हणालो.

"मग असंल जाम. तुम्ही तिथं हाव, तुम्हालाच दिसणार."

मी पाहिलं नव्हतं. मामांना सांगितलं, कंप्रेसर गेला. गॅस काढला, नळ्या कापल्या, नवा बसवून झाळल्या, व्हॅक्यूम घेतला, गॅस भरला. साडेपाच वाजले. तोवर नळ गेला होता आणि गल्लीतल्या मोटारी बंद झाल्या होत्या. नवा कंप्रेसर पहिल्या झटक्यात चालू झाला. खवा वाचला. मामांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारून मला दाखवलं. "हे आमचे थोरले जावई. नांदेडाहून आले, मशीनच बदलून टाकली." त्या संध्याकाळी पंगतीत त्यांच्या शेजारी मी बसलो.

दोन दिवसांनी काढून आणलेला कंप्रेसर मी माझ्या दुकानात टेबलावर ठेवून वीज जोडली. तो लगेच चालू झाला. अर्धा तास चालू ठेवला. आवाज एकसारखा होता. मग बंद केला आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

दहा दिवसांनी अहमदपूरला पुन्हा नळ आला. नवा कंप्रेसरही घुमू लागला. या वेळी मामांनी फोन लातूरला केला. मला ते बायकोकडून कळलं. दिवसभर मी मामांच्या फोनची वाट पाहत होतो, आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. संध्याकाळी साडूचा आला.

"काम झालं, पाव्हणं. वायर लई बारीक होती. फ्रीझरला मेन बोर्डातून येगळी वायर वढली, स्टॅबिलायझर लावला. मोटार दुसऱ्या बोर्डावर टाकली."

"आणि कंप्रेसरचं काय सांगितलंस मामांना?"

"म्हणलं, जुना थकलाच होता. बदलला ते बरं केलं."

"तो थकला नव्हता."

"हाव, ठाऊक हाय." तो हसला. "मीच बसवला होता की त्यो, तीन वर्षांमागं. फेकून देऊ नका म्हणजे झालं. इकडं एका डेअरीवाल्याला पाहिजे हाय."

त्याने टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी "पाठवून देतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

पावसाळ्यात मामांच्या दुकानातला दह्याचा काचेचा फ्रीज थंड करेना. फोन मला आला.

"उदगीरला गेलाय का तो?" मी विचारलं.

"न्हाई, लातुरातच हाय. त्यालाच लावला होता पहिला. तो म्हणला, नांदेडकरांना बोलवत जा, मामा. त्यांचा हात साफ हाय, काम लिहून ठेवल्यावानी करतेत. म्हणून तुम्हाला लावला. आता इथून पुढं तुम्हीच."

पाच वर्षं मी याच फोनची वाट पाहिली होती. मी येतो म्हणालो आणि हत्यारं भरली. अहमदपूरपर्यंतच्या रस्त्यात एकच हिशोब पुनःपुन्हा करून पाहिला: मामांशेजारची ती जागा आता माझी होती, आणि ती त्याने मला दिली होती. त्याबद्दल मी त्याचे आभार आजवर मानलेले नाहीत.