वाळवीनं न खाल्लेला हातमाग

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका शिक्षणसंस्थेनं माझ्या आईवडिलांना फसवलं. मुलांना शिकवायला म्हणून आमचा हातमाग नेला, तो वाळवीनं खाल्ला असं सांगितलं आणि नंतर संस्थापकांच्या घराण्याचा म्हणून काचेमागे मांडला. यात मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायची गरजच त्यांनी ठेवली नाही.

माग उमरेडच्या घरात होता. पुढच्या खोलीत जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यावर माग. बाबा खड्ड्याच्या काठावर बसायचे आणि पाय खाली सोडून पावड्या दाबायचे. आई शेजारी बसून दोऱ्याच्या कांड्या भरायची. करवती काठाची लुगडी त्या खड्ड्यातून वर आली, त्यावर आम्ही तीन भावंडं वाढलो. पुढे बाबांची नजर अधू झाली, दोरा तुटला की सापडेना. तेव्हा त्या संस्थेतले एक प्राध्यापक चार विद्यार्थ्यांना घेऊन आले. कापडाचं शास्त्र शिकणाऱ्या मुलांना खरा माग दाखवायचा आहे, म्हणाले. विकत देता का, असंही विचारलं. बाबांनी साफ नाही म्हटलं. माग विकत नसतात. पण शिकायला न्या म्हणाले, आणि एकच अट घातली. दर दसऱ्याला आम्ही येऊन त्याला हळदकुंकू वाहू. प्राध्यापकांनी आनंदानं मान्य केलं.

बाबा त्या दिवसांत भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या घरातलं कोणीच कॉलेजात गेलं नाही गा, माग तं गेला."

पहिल्या दसऱ्याला आईबाबा जाऊन पूजा करून आले. दुसऱ्या दसऱ्याला प्राध्यापक नोकरी सोडून गेले होते. फाटकावरच्या शिपायानं आत फोन लावला आणि आतून निरोप आला की मागाला वाळवी लागली, फेकून दिला. बाबा फुलांचं ताट घेऊन तसेच उमरेडच्या बसमध्ये बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, सागाच्या लाकडाला वाळवी कशी लागली असेल? त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की मीच माझा माग मारला, मीच तो परक्याच्या दारात सोडून आलो.

माझं म्हणाल तर मी शाळेच्या बसमध्ये पोरं चढवणारी-उतरवणारी बाई होते. तिथेच कळलं की शाळांना सहल हवी असते आणि सहलीची कटकट नको असते. एक जुनी व्हॅन घेतली. कामठीपासून सावनेरपर्यंत शाळा पालथ्या घातल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायचे, हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत जायचे. आता माझ्या तीन बस आहेत. सकाळी झिरो माईलच्या खांबाजवळचे घोड्यांचे पुतळे, मग बाहेरूनच सीताबर्डीचा किल्ला, कारण आत जायला वर्षातले ठरावीक दिवसच. मग दीक्षाभूमी. तिथे घुमटाखाली शिरली की शंभर पोरं न सांगता गप्प होतात. अजब बंगल्याचं संग्रहालय, महाराजबागेत डबे, दुपारी एखादं कॉलेज, संध्याकाळी अंबाझरी. कुठे किती वेळ थांबायचं, कुठला चणेवाला पोरांना उरलेला माल देतो, हे मी ठरवते. नागपूर सगळ्यांचंच आहे, पण माझ्या बसमधल्या पोरांना ते मी दाखवते तसं दिसतं.

त्या संस्थेत मी कधी बस नेली नव्हती. पण शिक्षक मागे लागले. तिथे नवीन वारसा दालन उघडलंय, यंत्रमानव आहे, प्रयोगशाळा दाखवतात, चहा-बिस्किटं देतात. संस्थेलाही पोरं हवीच होती. आज नववीतलं पोर दालन बघून गेलं की उद्या प्रवेशाला तिथेच येतं. शेवटी एका मुख्याध्यापिकेच्या हट्टापुढे मी हरले. मी बाहेर बसमध्येच बसणार होते. पण अंबाझरीचा वेळ टळायला लागला, पोरं बाहेर येईनात, म्हणून त्यांना हाकायला आत गेले.

काचेमागे आमचा माग होता.

धोटा जिथे येऊन आपटतो त्या पेटीखाली सायकलच्या ट्यूबचा लाल तुकडा ठोकलेला होता. तो बाबांनी माझ्यासमोर ठोकला होता. फलकावर लिहिलं होतं की संस्थापकांचे पणजोबा या मागावर विणकाम करत आणि त्या कष्टांतून हे शिक्षणाचं रोपटं उभं राहिलं. मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण दालन सांभाळणारे गृहस्थ दोन पावलं मागे गेले. त्यांनी शिपायाला बोलावलं आणि साठ पोरांसमोर मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. तिनं फक्त विचारलं, "पावड्या खाली लोंबून राहिल्या का?"

नाही, मी म्हटलं, लादीवरच टेकल्यात. खाली चकचकीत फरशी आहे.

आई हसायला लागली. बाबा गेल्यानंतर इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "मले ने वं एक डाव तिथं. अन् तू चिल्लाऊ नको."

पण मी लगेच नेलं नाही. रागात केलेला सौदा नेहमी समोरच्याच्या फायद्याचा असतो, एवढं मला धंद्यानं शिकवलंय. मी माझ्या सगळ्या शाळांना फोन केले. कुणाची निंदा केली नाही. दुपारचा थांबा बदललाय एवढंच सांगितलं आणि पोरांना कामठीला यंत्रमागाच्या शेडमध्ये नेऊ लागले. कापड डोळ्यांदेखत लांबत जाताना बघून पोरं वेडी झाली. तीन आठवड्यांनी संस्थेच्या प्रवेश विभागातून फोन आला. मॅडम, बस का येत नाहीत? मी म्हटलं, तुमचे अध्यक्ष स्वतः दालन दाखवणार असतील तर येईन. त्यांनी पोरांना जेवण देऊ केलं, ड्रायव्हरांना नाश्ता देऊ केला, मला सत्काराची शाल देऊ केली. मी प्रत्येक वेळी तेच वाक्य परत म्हटलं. शेवटी अध्यक्षांनी दिवस दिला.

दोन शाळांची पोरं, त्यांचे शिक्षक आणि काठाचं लुगडं नेसलेली माझी आई, असे आम्ही पोचलो. अध्यक्ष म्हणजे संस्थापक स्वतःच, गोड बोलणारे गृहस्थ. आईला बघून "या मावशी, या" म्हणाले. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागासमोर उभे राहून त्यांनी पोरांना पणजोबांची गोष्ट सांगितली. दिवसदिवस ते या मागावर बसून असायचे, म्हणाले.

आईनं हात वर केला. वर्गात करतात तसा.

"साहेब, तुमचे पणजोबा इथं बसत होते, तं पाय कुठी टाकत होते?"

अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. आई काचेच्या बाजूनं आत गेली, मागापुढे जमिनीवर बसली आणि पाय पुढे सरकवले. ते पावड्यांवर न जाता मागाच्या लाकडालाच अडकले. गुडघे छातीशी आले. "आता असं बसून विणून दाखवा," ती अध्यक्षांना म्हणाली. पोरं खदखदून हसली. मग तिनं त्यांना नीट समजावलं की हा खड्ड्याचा माग आहे, खाली खड्डा नसेल तर माणूस यावर बसूच शकत नाही, आणि ज्याच्या घरात असा माग चालला त्या घरातलं पोरगंही तो फरशीवर मांडणार नाही. शिक्षक अध्यक्षांकडे बघायला लागले.

"अन् इकडे हात लावून पाहा," आई म्हणाली. "हे सायकलचं ट्यूब. शेजारी बाळंतीण होती. खटखट झाली की लेकरू उठे. हे तुमच्या पणजोबानं ठोकलं, का माह्या नवऱ्यानं?"

अध्यक्षांनी हात लावला नाही. कारकुनाची चूक झाली असावी, चौकशी करतो, असं काहीसं म्हणाले. मग मला त्यांच्या खोलीत नेलं. खोलीत मी पहिल्यांदाच शांत होते. तीन गोष्टी मागितल्या. फलक बदला, तिथे बाबांचं नाव लिहा. दर दसऱ्याला आईसाठी दार उघडं ठेवा. मागाखाली खड्डा खणा. पहिल्या दोन गोष्टींना ते लगेच हो म्हणाले. खड्ड्याला नाही म्हणाले. फरशी नवीन आहे, लाकडी चौथरा करून देतो. मी म्हटलं, चौथऱ्यावर नाटक होतं, विणकाम होत नाही. ते म्हणाले, विचार करू. मी म्हटलं, करा, तोवर पोरं कामठीला जातील. दारापर्यंत पोचले होते, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

फरशी फोडली. मी समोर उभी राहून फोडून घेतली.

या दसऱ्याला आईनं मागाला हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली आणि पाय खड्ड्यात सोडून बसली. गुडघे दुखत होते, तरी वीतभर कापड विणलं. कापडाचं शास्त्र शिकणाऱ्या मुली रांगेनं उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं तीनदा दोरा तोडला, तर आई तिला म्हणाली, तोड वं, तोडल्याशिवाय जोडता येत नाही. आता महिन्यातून दोन दिवस गाडी तिला न्यायला येते. विद्यार्थी तिला मॅडम म्हणतात. माझ्या बस पुन्हा तिथे थांबतात, आणि दालनाची माहिती अध्यक्ष नाही, मी सांगते.

लोक म्हणतात, जिंकलीस, आता सोड. जिंकले ते मान्य आहे. सोडत नाही. माग चांगला होता, आतच कुठेतरी ठेवलेला होता, आणि फुलं घेऊन फाटकात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कुणीतरी फोनवर सांगितलं की तो फेकून दिला. अध्यक्ष म्हणतात कारकून. कोणता कारकून? त्या दिवशी कार्यालयात कोण होतं, हे संस्थेच्या हजेरीत असेलच. त्या माणसानं उमरेडला यावं, आईसमोर बसावं आणि असं का सांगितलं ते बोलावं. दोन वर्षं माझे बाबा स्वतःला दोष देत राहिले, त्याचा जबाब फलक बदलून मिळत नाही. साहेब, मी विचारून राहिले आहे. नाव सांगा.